लांबच्या विमानप्रवासाआधी अंतर आणि वेळेचा हिशोब

दोन विमानतळांमधलं अंतर शोधलं की किलोमीटरचा एक आकडा मिळतो. तो बघा, पण त्यावर विसंबू नका. तो पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेला सर्वांत जवळचा मार्ग असतो आणि विमान त्याच मार्गाने जाईल असं नाही. हेलसिंकी-टोकियो विमानाला पूर्वी साडेनऊ तास लागायचे. २०२२ मध्ये रशियाची हवाई हद्द युरोपीय कंपन्यांना बंद झाली आणि वळसा घालून जाताना तेच सुमारे तेरा तासांवर गेलं. त्यामुळे अंतराला ताशी नऊशे किलोमीटरने भागून काढलेला वेळ फक्त अंदाजापुरता धरा, आणि ठरलेल्या विमानाचं सध्याचं वेळापत्रक पाहा.

परतीचा वेळही वेगळा काढा. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून लंडनहून न्यूयॉर्कला जायला साधारण आठ तास लागतात आणि परत यायला सात किंवा त्याहून थोडे कमी.

आता खरी गोची. तिकिटावर निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्या त्या गावच्या घड्याळाप्रमाणे छापलेली असते. टोकियोहून संध्याकाळी पाचला निघालेलं विमान हिवाळ्यात लॉस एंजेलिसला त्याच दिवशी सकाळी दहाला उतरू शकतं, म्हणजे कॅलेंडरवर निघण्याच्या आधीच! दोन्ही वेळा जागतिक प्रमाणवेळेत आणल्या की कोडं सुटतं. टोकियो नऊ तास पुढे, म्हणून पाच वाजता तिथे प्रमाणवेळ सकाळचे आठ. लॉस एंजेलिस हिवाळ्यात आठ तास मागे, म्हणून तिथले सकाळचे दहा म्हणजे संध्याकाळचे सहा. प्रवास दहा तासांचा. उन्हाळ्यात अमेरिकेतली घड्याळं तासभर पुढे सरकतात, जपानमधली नाही. तारीख बघूनच वजाबाकी करा. पोहोचण्याच्या वेळेपुढे बारीक अक्षरात +१ दिसलं तर दुसरा दिवस समजा. ते हमखास नजरेतून सुटतं.

मध्ये विमान बदलायचं असेल तर दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घेतलेली बरी. पहिलं उशिरा आलं आणि दुसरं चुकलं, तर पुढची सोय सहसा कंपनी करते. वेगवेगळी तिकिटं असतील तर बहुधा तो भुर्दंड तुमच्याच माथी, शिवाय सामान घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागू शकतं. काही देशांत नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो, तोही आधीच तपासा. पासपोर्टची मुदत अनेक ठिकाणी सहा महिने शिल्लक लागते.

पॉवर बँक हातातल्या बॅगेत, चेक-इनच्या सामानात अजिबात नाही. औषधंही जवळच ठेवा.

हॉटेलचं बुकिंग मात्र सगळ्यात शेवटी, उतरण्याची तारीख पक्की झाल्यावर करा. पहाटे पाचला पोहोचणार असाल आणि लगेच आडवं व्हायचं असेल, तर खोली आदल्या रात्रीपासून घ्या. हॉटेलवाल्याला पहाटे येतोय हे कळवून ठेवा, नाहीतर रात्री कोणी आलं नाही म्हणून तो खोली दुसऱ्याला देऊन टाकायचा.