रेल्वेवाटेवर चालायचंय? सराव तळजईवर करा

मुलांकडे इंग्लंडला जाणार असाल आणि स्कारबरो ते व्हिटबी हा समुद्रकाठचा ‘सिंडर ट्रॅक’ चालायचा बेत असेल, तर नुसता सिंहगड चढून सराव पुरणार नाही. १९६५ साली बंद पडलेल्या रेल्वेमार्गाची ही साधारण ३४ किलोमीटरची वाट. आगगाडीसाठी आखलेली, त्यामुळे चढ बेताचे. त्यातल्या त्यात कडक वाटेतल्या रॅव्हेन्स्कार गावाचा, ३९ फुटांना १ फूट. आपला खंडाळ्याचा घाट ३७ ला १, म्हणजे जवळपास तसाच. दम फारसा लागत नाही. त्रास होतो तो तळपायांना आणि नडग्यांना, कारण तासन्‌तास पाऊल एकाच चालीने पडतं. सिंहगडावर ते दर वेळी वेगळं पडतं.

म्हणून निघण्याआधी काही आठवडे पुण्यातल्या तळजई टेकडीवरच्या सपाट वाटेवर सलग अडीच-तीन तास चाला, आणि तेही सोबत नेणार त्याच बुटांत. टाचेवर कुठे घासतंय ते इथेच कळेल.

एका दिवसात सगळं उरकू नका. रॉबिन हूड्स बे या गावी मुक्काम करा, फारच देखणं आहे. विंडचीटर मात्र सॅकमध्ये वरच ठेवा. तिथला वारा उन्हाळ्यातही बोचतो.