आधी मीटरवरचं नाव, मग सोलर

जुळे सोलापुरात जुनं रो-हाऊस घेतलं. मुंबईत बऱ्याच ठिकाणी वीज अदानीची की टाटाची असं निवडता येतं. इथे घरगुती ग्राहकाला महावितरणच. निवड उरते ती छतावरच्या सोलरची, आणि सोलापूरच्या उन्हात ती सोडायची कशाला? पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं.

पण अर्ज अडला. वीजबिल जुन्या मालकाच्या नावावर होतं. थकबाकी नाही हे आधी पाहिलं, मग बारा अंकी ग्राहक क्रमांक टाकून, इंडेक्स टू (खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा) आणि आधार जोडून नावबदलाचा ऑनलाइन अर्ज केला. घर सौ.च्या नावावर, त्यामुळे बिलावरही तिचंच नाव छापून आलं. त्यानंतर सोलरचा अर्ज सरळ गेला.

घर घेताना खरेदीखताच्या दिवशीच मीटर रीडिंगचा फोटो काढा. तिथपर्यंतचं बिल विकणाऱ्याकडून भरून घ्या.