हरिश्चंद्रगडाला जाताना फोनची तयारी

टोलार खिंडीतून कातळावरचं रेलिंग धरून वर आलं की हरिश्चंद्रगडाच्या वाटेचा फसवा भाग लागतो. मंदिरापर्यंत टेपाडांमागून टेपाडं, मध्येच ढोरवाटा फुटलेल्या, आणि श्रावणात धुकं उतरलं की पुढचा माणूस दिसत नाही. सहा वर्षांपूर्वी मी आणि भाची तिथेच चुकलो. पायथ्याच्या खिरेश्वर गावापासून रेंज शोधून शोधून फोन नऊ टक्क्यांवर आलेला, नकाशा उघडला तर नुसता पांढरा पडदा. दोन तास एकाच टेपाडाला फेऱ्या मारल्या. तेव्हापासून फोनची तयारी मी आदल्या रात्री घरीच करते.

त्या भागाचा नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या. आधी कुणी चाललेल्या वाटेची जीपीएक्स फाइलही, म्हणजे नकाशावर ती वाट रेघेसारखी दाखवणारी नोंद, फोनमध्ये घ्या. मग घरीच एअरप्लेन मोड लावून दोन्ही उघडतात का ते बघा; ही तपासणी बहुतेक जण करत नाहीत. गाडीतून उतरलं की एअरप्लेन मोड लावायचा आणि लोकेशन चालू ठेवायचं. जीपीएस थेट उपग्रहांकडून सिग्नल घेतं, त्याला मोबाइलची रेंज लागत नाही. टोलार खिंडीत पोचलात की नकाशावर खूण करून ठेवा, परतताना तीच शोधायची असते.

पण कोकणकड्यावर त्या निळ्या ठिपक्यावर विसंबू नका. मोकळ्या आभाळाखालीही तो पाच-दहा मीटर सरकतो, आणि धुक्यात कड्याची धार तेवढ्याच अंतरावर असू शकते. धुकं असेल तर कड्याकडे जाऊच नका. वाटेची शंका आली तर सरबत विकणाऱ्या गाववाल्यांना विचारा, पावसाने कुठली वाट मोडली हे त्यांनाच ठाऊक असतं.

टॉर्चचं एक सांगते. धुक्यात कपाळावरच्या हेडलॅम्पचा उजेड डोळ्यांसमोरच पांढरा होऊन पसरतो. तो काढून हातात, गुडघ्याच्या उंचीला धरा; पायाखालचे दगड लगेच दिसू लागतात. फोनची बॅटरी टॉर्चसाठी जाळू नका. पावसात फोन झिपच्या पिशवीत ठेवा, थंडीत रात्री पॉवर बँकेसह स्लीपिंग बॅगमध्ये घ्या, कारण गारठ्यात चार्जिंग भराभर उतरतं.

स्पीकर घरी ठेवा. कड्यांवर आग्या मोहोळं असतात, गोंगाटाने ती उठू शकतात; शिवाय केदारेश्वराच्या गुहेत पाण्याचा आवाज ऐकायचा तर शांतताच हवी.

अडचण आलीच तर एअरप्लेन मोड काढून ११२ हा आपत्कालीन नंबर लावा. फोन लागत नसेल तर घरच्यांना अक्षांश-रेखांश एसएमएसने पाठवा. रेंज कमी असली तरी एसएमएस बऱ्याचदा जातो. निघताना वाट आणि परतीची वेळ घरी लिहून ठेवा.

खिरेश्वरला उतरले की मी एअरप्लेन मोड काढते आणि सगळ्यात आधी 'उतरलो' एवढाच मेसेज टाकते. तो येईपर्यंत आई जेवायला बसत नाही.