कयाक काढायच्या आधी कालनिर्णय

पणजीत मांडवीवर कयाक कशी चालवायची, असं कुणी विचारलं की मी वल्हं हातात देत नाही, स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कालनिर्णय दाखवतो. आपली नदी दिवसातून दोनदा उलटी वाहते. सहा तास समुद्र आत येतो, सहा तास परत जातो. तुमचे दंड कितीही भरलेले असोत, नवशिक्याची कयाक तासाला चार-पाच किलोमीटरच्या वर जात नाही. ओहोटी अंगावर घेऊन वल्हवलंत तर त्यातलेही निम्मे हिशेबातून गेले.

रायबंदरच्या धक्क्यावर एका म्हाताऱ्या मासेमाराने मला सांगितलं होतं, "बाब, आदीं तीथ पळय, मागीर उदकांत देंव." म्हणजे आधी तिथी बघ, मग पाण्यात उतर. हिशेब कोकणभर चालतो तोच. तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. द्वादशी असेल तर बारा गुणिले पाऊण, म्हणजे नऊ. सकाळी नऊला भरती, रात्री साडेनऊच्या आसपास दुसरी. शुद्ध असो की वद्य, पक्ष बदलला की मोजणी पुन्हा एकपासून. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण पोट भरण्याइतका हिशेब बरोबर येतो. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तेव्हा ओढ जास्त. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी मवाळ. अगदी पहिल्यांदा उतरणाऱ्याने भांगाचे दिवस धरावेत. सवय झाली की दशमी ते द्वादशी. सातला भरतीबरोबर पणजीतल्या पाटोकडून रायबंदरच्या दिशेने वर जायचं, पाणी थांबलं की वळायचं, ओहोटीबरोबर घरी. दहाच्या आत धक्क्याला लागा. त्यानंतर समुद्रावरून वारा सुटतो, तो उतरत्या पाण्याला समोरून भिडतो आणि आखूड, उभ्या लाटा उठतात. जून ते सप्टेंबर कयाक घरात पालथी.

हे सगळं माहीत असून मी एकदा शहाणपणा केला. वद्य चतुर्थी होती, म्हणजे भरती पहाटे तीनला. मी साडेसातला चोडण बेटाच्या बाजूच्या एका अरुंद फाट्यात शिरलो, किलकिल्या पक्ष्यामागे. वीस मिनिटांत तिवरांची मुळं गुडघाभर उघडी पडली. वळेपर्यंत कयाकचा तळ गाळात बसला. पाय खाली टाकला तो मांडीपर्यंत गेला, चप्पल अजून तिथेच आहे. मग मुकाट बसून राहिलो. निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, गाळावर उड्या मारत माझ्याकडे बघत होत्या. अकरा वाजता पाणी परत आलं तेव्हा सुटलो. घरी संकष्टीचा उपास होता, मला वेगळा धरावा लागला नाही. गाळात अडकलात तर उतरू नका, एवढंच यातून घ्या. आणि तिथल्याच सलीम अली पक्षी अभयारण्याच्या हद्दीत जायचं तर वनखात्याची परवानगी आधी काढा.

वल्हवणं त्यामानाने सोपं. हात ताठ ठेवून खांद्याने ओढत बसलात तर पुलापर्यंतच दमाल. कमरेतून वळा. पातं पायाच्या बोटांपाशी पाण्यात घाला, नितंबापाशी आलं की बाहेर काढा, त्यापुढे ओढलंत तर कयाकचं नाक भरकटतं.

पुलांखाली मात्र गप्पा बंद. 1986 च्या जुलैत जुना पूल कोसळला तो इथलाच. आता अटल सेतू धरून तीन पूल शेजारीशेजारी आहेत आणि खांबांभोवती पाणी गरगरतं. दोन खांबांच्या बरोबर मधून जा. आडवे होऊन खांबावर आदळायची वेळ आलीच तर माणूस घाबरून उलट्या बाजूला झुकतो आणि तिथेच उलटतो. खांबाच्या बाजूला झुका, चक्क त्याला मिठी मारा.

फेरीबोटीला ब्रेक नसतो. ती धक्का सोडताना दिसली की थांबा, तिच्या मागून जा. नदीतल्या तरंगत्या कॅसिनोंकडे ये-जा करणाऱ्या बोटींच्या लाटा आल्या तर कयाकचं नाक त्यांच्याकडे किंचित तिरकं करा, कुशीवर घेऊ नका.

लाइफ जॅकेट घालायचं, मांडीखाली ठेवायचं नाही; शिट्टी त्यालाच बांधा. उलटलात तर कयाक सोडू नका. ती सरळ करा, बाजूने पाय झाडत अंग पाण्यावर आडवं आणा, पोट टेकून वर चढा, मग बूड फिरवून बसा. हे आधी छातीभर पाण्यात दहा वेळा करून बघा, मांडवीच्या मध्यावर पहिल्यांदा नको. तोंड मिटून ठेवा, शहराचं सांडपाणी यातच येतं. अंगावर जखम असेल त्या दिवशी जाऊच नका.

मगरींचं विचारतात सगळे. त्या कुंभारजुव्याच्या कालव्यात आहेत, खऱ्याच आहेत. तिकडे मी जात नाही.