डॉक्टरांचं नाव काढताच पळणारी मांजरं, थरथरणारी कुत्री : या चुका टाळा

माळ्यावरून कॅरियर, म्हणजे मांजर न्यायची दाराची पेटी, खाली काढल्याचा आवाज झाला, की आमचा बोका पलंगाखाली, पार भिंतीला चिकटून. मग पलंग सरकवा, टॉवेल टाकून त्याला धरा, कॅरियरच्या दाराला चारी पाय रोवून अडून बसतो ते पाय एकेक करून सोडवा. दवाखान्यात पोचेपर्यंत माझ्या मनगटावर ओरखडे आणि त्याची छाती भात्यासारखी वरखाली. डॉक्टरांनी अजून बोटही लावलेलं नसायचं. तरी कित्येक वर्षं मी सगळा दोष इंजेक्शनला देत होते.

कॅरियर फक्त त्याच दिवशी काढणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. एखादी वस्तू वर्षातून दोनदा दिसते आणि दोन्ही वेळा शेवट सुईने होतो, तर तिला पाहून पळणं हा शहाणपणाच झाला. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हच्या प्रयोगातल्या कुत्र्यांना खाण्याआधीची खूण कळली की तोंडाला पाणी सुटायचं. आपण तोच धडा उलट्या बाजूने पक्का करत असतो.

उपाय साधा आहे, फक्त वेळ खातो. कॅरियर बारा महिने खोलीच्या एका कोपऱ्यात उघडा ठेवायचा. दार काढता येत असेल तर काढूनच टाका. आत मांजरीच्याच वासाचं, न धुतलेलं पांघरूण. खाऊ आधी कॅरियरच्या बाहेर, दोन-तीन दिवसांनी उंबऱ्यावर, मग आत. ती आपणहून आत जाऊन बसायला लागली की दार क्षणभर लावून लगेच उघडायचं. मग मिनिटभर. मग उचलून चार पावलं. मध्येच तिने खाणं थांबवलं तर समजा आपली घाई झाली. आदल्या पायरीवर परत या. काहींना आठवडा पुरतो, काहींना दोन महिने.

नवा घेणार असाल तर वरचा अर्धा भाग सुटा होणारा घ्या. मांजर खालच्या अर्ध्यात, आपल्याच पांघरुणावर बसून राहते आणि डॉक्टर तिथेच तपासतात. कॅरियर तिरपा करून मांजर टेबलावर ओतणं हा प्रकार मी डोळ्यांनी पाहिलाय, तो कुणी करू लागलं तर बेलाशक थांबवा. नेतानाही मुठीला धरून झुलवत नेऊ नका, दोन्ही हातांनी खालून आधार द्या आणि वरून पातळ टॉवेल टाका. गाडीत कॅरियर पुढच्या सीटच्या मागे, खाली जमिनीवर ठेवला की घसरत नाही. फेरोमोनचा (मांजरीला निवांत वाटावं म्हणून मिळणाऱ्या गंधाचा) स्प्रे वापरत असाल तर मांजर आत बसायच्या किमान पंधरा मिनिटं आधी मारा. त्यातलं अल्कोहोल उडून जायला हवं.

"किती शांत बसलाय!"

टेबलावर दगड होऊन बसलेली मांजर शांत नसते, गोठलेली असते. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या, कान आडवे, शेपटी अंगाशी घट्ट. कुत्रा झोप आली नसताना जांभया देतो, नाक-ओठ चाटत राहतो, मान न वळवता डोळ्यांच्या कडेने बघतो, तेव्हा पांढरं दिसतं. केस एकदम गळू लागतात. टेबलाच्या स्टीलवर पंजांचे ओले ठसे उमटतात, कारण कुत्र्या-मांजरांना घाम पंजांनाच येतो. आणि घरी ज्याच्यावर तुटून पडतो तो खाऊ नाकासमोर धरला तरी तोंड फिरवतो. हे शेवटचं लक्षण मी सगळ्यात भरवशाचं मानते, अर्थात आजारपणाने भूक गेलेली नसेल तर.

हे ओळखणं फक्त मायेपोटी नाही. घाबरलेल्या मांजरीची रक्तातली साखर इतकी वाढू शकते, की एका तपासणीवरून मधुमेहच वाटावा. रक्तदाबाचंही तसंच. म्हणून वाटेत ती किती ओरडली, लघवी झाली का, हे डॉक्टरांना आधी सांगा. साखरेबद्दल शंका असेल तर मागच्या दोन-तीन आठवड्यांचा अंदाज देणारी फ्रुक्टोसामाइन तपासणी करता येते.

गुरगुरल्याबद्दल ओरडणं

गुरगुरणं म्हणजे 'आता पुरे' अशी सूचना. त्यावर दोनदा फटका बसला की कुत्रा सूचना देणं सोडतो, भीती मात्र होती तिथेच राहते. पुढच्या वेळी थेट दात लागतात आणि आपण म्हणतो, काही न सांगता चावला.

उलट टोकाचा गैरसमज असा, की घाबरलेल्याला जवळ घेतलं तर तो आणखी घाबरट होतो. होत नाही. तुमच्या हाताने त्याला बरं वाटत असेल तर खुशाल कुरवाळा. मांजरीला मानगुटीला धरून दाबणंही सोडून द्या. आई पिल्लाला तसं उचलते हे खरं, पण मोठ्या मांजरीला ते आधार देत नाही, अडकवतं. टॉवेलमध्ये गुंडाळलेलं बरं.

कुत्रा चावेल अशी भीती असेल तर जाळीचा मजल (तोंडावर चढवायची मुसकी) घ्या, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतात आणि फटीतून खाऊही देता येतो. त्याचीही सवय घरी, खाऊ चारत चारत लावायची. दवाखान्याच्या दारात पहिल्यांदा चढवलेला मजल म्हणजे भीतीत आणखी एक भर.

गोळी स्वतःच्या मनाने देणं, किंवा गोळीला नाहीच म्हणणं

माणसांच्या गोळ्या देऊ नका. पॅरासिटामॉल मांजरीला विषासमान आहे. काही पातळ औषधांत गोडीसाठी झायलिटॉल असतं, ते कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं.

पण 'औषध म्हणजे हरणं' हा हट्टही नको. मांजरांना गॅबापेंटिन, कुत्र्यांना ट्रॅझोडोन ही भीती कमी करणारी औषधं निघण्याच्या काही तास आधी द्यायला पशुवैद्य सांगतात. अमेरिकेत 2023 मध्ये प्रवास आणि दवाखान्याच्या भीतीसाठी मांजरांना प्रीगाबालिन द्यायला रीतसर मंजुरीही मिळाली. डोस वजन, वय आणि मूत्रपिंडांची स्थिती पाहून ठरतो, म्हणून तो डॉक्टरांकडूनच. दोन गोष्टी हमखास चुकतात. औषध भीती चढल्यावर दिलं जातं, तेव्हा ते कमी पडतं. आणि पहिला डोस थेट त्याच दिवशी दिला जातो. एखाद्या निवांत सुट्टीच्या दिवशी घरी देऊन बघा : किती वेळाने गुंगी येते, पाय लटपटतात का, उलट चिडचिड होते का.

इतकं करूनही बिनसलं तर

वेळ घेताना दिवसातली पहिली किंवा शेवटची मागा. नंबर येईपर्यंत बाहेर किंवा गाडीत थांबायचं, फोन आला की सरळ आत. कॅरियर जमिनीवर, कुत्र्यांच्या नाकांच्या रांगेत ठेवू नका. खुर्चीवर, उंचावर ठेवा. नुसती नखं कापायची असतील आणि जनावर आकांत करत असेल तर दोन नखं कापून परत आलात तरी चालतं. तातडीचं असेल तर चौघांनी दाबून धरण्यापेक्षा गुंगीचं इंजेक्शन द्या म्हणून आपणच सुचवावं. अधूनमधून काहीच काम नसताना कुत्र्याला तिथे न्यायचं, वजनकाट्यावर चढवायचं, दोन तुकडे चारायचे आणि घरी. बहुतेक ठिकाणी आधी विचारलं तर हो म्हणतात. मांजरांना मात्र अशा जादा चकरा सहसा मानवत नाहीत, त्यांचा सराव घरातच बरा.

घरात दोन मांजरं असतील तर आणखी एक गोष्ट. परतलेलीला दवाखान्याचा वास येतो, घरातली तिला ओळखत नाही आणि कालपर्यंत एकमेकींना चाटणाऱ्या दोघी फिस्कारत समोरासमोर उभ्या राहतात. रागावू नका. आलेलीला काही तास वेगळ्या खोलीत ठेवा, घरातलीच्या अंथरुणावरचा टॉवेल तिच्या अंगावरून फिरवा, आणि दार उघडाल तेव्हा दोघींच्या वाट्या लांब लांब भरून ठेवा.