होमिओपॅथीची गोळी घेण्यापूर्वी: नेहमीच्या शंका आणि घ्यायची काळजी

होमिओपॅथीच्या दवाखान्यातून बाहेर पडताना रुग्णाच्या हातात साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्यांची बाटली असते आणि मनात बऱ्याच शंका असतात. दवाखाना कोल्हापुरात राजारामपुरीतला असो वा शाहूपुरीतला, शंका साधारण त्याच असतात: कांदा-लसूण बंद करायचा का, बीपीची गोळी सोबत चालेल का, आजार आधी उफाळून येतो हे खरे का. या सगळ्यांच्या आधी प्रत्येकाने स्वतःला एक प्रश्न विचारावा, असे मला मनापासून वाटते. या औषधावर विसंबून राहिल्यामुळे एखादा आवश्यक उपचार लांबणीवर पडतो आहे का?

गोळीत नेमके काय असते, हे आधी समजून घ्यावे. जर्मन वैद्य सॅम्युएल हानेमान (१७५५–१८४३) यांनी १७९६ मध्ये ही कल्पना मांडली आणि १८१० मध्ये ‘ऑर्गेनॉन’ या ग्रंथात तिची शिस्तशीर मांडणी केली. निरोगी माणसात जो पदार्थ विशिष्ट लक्षणे निर्माण करतो, तोच अतिसूक्ष्म प्रमाणात दिल्यास तशीच लक्षणे असलेला रुग्ण बरा होतो, असे त्यांचे म्हणणे होते. बाटलीवर औषधाच्या नावापुढे ३० किंवा २०० असा आकडा असतो, त्याला पोटेन्सी म्हणतात. मूळ अर्काचा १ भाग ९९ भाग अल्कोहोलमध्ये मिसळून बाटली जोरजोराने आपटत हलवायची, त्यातला १ भाग घेऊन पुन्हा ९९ भागांत मिसळायचा, आणि असे ३० वेळा केले की ३० ची पोटेन्सी तयार होते. रसायनशास्त्राच्या हिशेबाने साधारण १२ व्या पायरीनंतर मूळ पदार्थाचा एकही रेणू उरण्याची शक्यता जवळजवळ नसते. म्हणजे ३० किंवा २०० च्या गोळीत तपासून सापडते ती साखर आणि उडून जाता जाता राहिलेले थोडे अल्कोहोल.

मग गुण येतो तो कशाने? ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने उपलब्ध अभ्यास तपासून २०१५ मध्ये असा निष्कर्ष काढला की, होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा कोणत्याही आजाराबाबत मिळत नाही. २०१७ मध्ये इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेनेही ही औषधे लिहून देऊ नयेत, अशी शिफारस केली. तरीही अनेकांना बरे वाटते, आणि ते खोटे बोलत नसतात. सर्दी आठवडा-दहा दिवसांत आपोआप ओसरते, मुलांच्या अंगावरचे बरेचसे मस (चामखीळ) दोन वर्षांच्या आत औषधाशिवाय जातात, आणि सांधेदुखीसारखे आजार मुळातच कमी-जास्त होत असतात; दुखणे शिगेला पोचल्यावर आपण दवाखाना गाठतो, त्यामुळे नंतरच्या उताराचे श्रेय गोळीला मिळते. त्यात डॉक्टर अर्धा-पाऊण तास बसवून झोप, भूक, घरातले ताण असे सगळे विचारतात. त्या ऐकून घेण्याने माणसाला खरोखर धीर येतो, आणि इतर दवाखान्यांनी हे जरूर उचलावे.

आता पथ्याविषयी. कांदा, लसूण, कॉफी आणि उग्र वासाचे पदार्थ टाळायला अनेकदा सांगतात. कांदा-लसणाची चटणी आणि रस्सा ज्या घरात रोजचा, तिथे हे पथ्य फार जड जाते. मात्र ते मोडल्याने अपाय होतो असे मानायला काही आधार नाही. पथ्य मोडले म्हणूनच गुण आला नाही, असा दोष वयस्कर माणसांनी स्वतःकडे घेऊ नये.

‘आधी आजार वाढतो, मग उतरतो’ हे वाक्य मात्र घातक ठरू शकते. दम्याची धाप, पसरत जाणारा पुरळ किंवा चढता ताप यांकडे औषध लागू पडत असल्याची खूण म्हणून पाहत बसू नये. दोन दिवसांत उतार नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवावे, आणि धाप लागली असेल तर तासभरही थांबू नये.

पावसाळ्यात आपल्याकडे याला विशेष महत्त्व येते. पंचगंगेला पूर आला की चिखलपाण्यात वावरणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. त्यावर प्रतिजैविके लवकर सुरू झाली तर मूत्रपिंड आणि यकृत वाचण्याची शक्यता वाढते. डेंग्यूत ताप उतरू लागतो तेव्हाच धोक्याचा काळ सुरू होऊ शकतो. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा कमालीची ग्लानी, यांपैकी काहीही दिसताच रुग्णाला दाखल करावे. उसाच्या फडात साप चावला, पिसाळलेले कुत्रे चावले, छातीत कळ आली, बोलताना तोंड वाकडे झाले, तर १०८ ला फोन करून थेट सीपीआर (कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय) किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठावे. सर्पदंशावर प्रतिविष आणि कुत्रा चावल्यावर रेबीजची लस हेच उपचार आहेत.

प्रत्यक्ष दवाखान्यात गेल्यावर काही गोष्टी कराव्यात. पहिली म्हणजे, आजाराचे निदान आधी पक्के करून घ्यावे. मुतखड्याचेच पाहा. पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे पुष्कळदा पाण्याबरोबर निघून जातात, पण खडा अडकून थंडी-ताप आला तर मूत्रपिंड धोक्यात येते. सोनोग्राफी न करता महिनोन्‌महिने थेंब घेत राहणे म्हणूनच योग्य नाही. शिवाय मुतखड्यासाठी बर्बेरिस वल्गॅरिससारखे जे थेंब देतात, ते बहुधा मदर टिंक्चर असते. त्याच्या बाटलीवर क्यू हे अक्षर असते, आणि त्यात वनस्पतीचा खरा अर्क व अल्कोहोल दोन्ही असतात. रक्त पातळ करण्याच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि यकृताचा त्रास असणाऱ्यांनी ते आपल्या फिजिशियनला दाखवल्याशिवाय घेऊ नये.

दुसरी गोष्ट, औषधाचे नाव आणि पोटेन्सी कागदावर लिहून मागावी. बिननावाची पुडी घेऊ नये. अशा पुडीने दमा किंवा सांधेदुखी एक-दोन दिवसांत विलक्षण उतरली, चेहरा सुजला आणि भूक वाढली, तर तीत स्टेरॉइड असण्याची शंका घ्यावी. ती पुडी जपून ठेवून डॉक्टरांना दाखवावी आणि त्यांना विचारल्याशिवाय एकदम बंद करू नये. महाराष्ट्रात काही होमिओपॅथी डॉक्टरांनी आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेला असतो, त्यामुळे दिलेली गोळी कोणत्या शास्त्रातली आहे, हे विचारण्यात संकोच बाळगू नये.

मधुमेह, कर्करोग किंवा मुतखडा बरा करण्याची, उंची वाढवण्याची जाहिरात १९५४ च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने निषिद्ध आहे. तशी पाटी दिसली तर त्या दवाखान्याची पायरी चढू नये.

उरली शंका औषध थांबवण्याची. होमिओपॅथीच्या साखरेच्या गोळ्या कधीही बंद केल्या तरी अपाय होत नाही. बीपी, थायरॉइड, मिरगी आणि इन्सुलिन यांचे मात्र तसे नाही. ती औषधे ज्यांनी सुरू केली, त्यांनाच विचारून कमी करावीत. लहान मुलांच्या लसी ठरलेल्या तारखेलाच द्याव्यात, कारण त्यांना पर्याय ठरेल असे कोणतेही होमिओपॅथी औषध नाही.