मोठ्या प्रेशर वॉशिंग कामाचा दर ठरवताना या चुका टाळा

सोसायटीची गच्ची किंवा बंगल्याचं अंगण धुताना चौरस फुटाचा दर अंदाजाने सांगितला तरी निभावून जातं. चाकणच्या एखाद्या कारखान्याचं ४०,००० चौरस फुटांचं लोडिंग यार्ड घेताना तसं केलं, तर शेवटच्या आठवड्याची मजुरी खिशातून घालावी लागते. पर्चेसवाले फुटाचाच दर मागतात आणि तो द्यावाच लागतो. पण तो तासांच्या हिशोबातून निघायला हवा. बहुतेक कोटेशन फसतात ती इथेच.

ट्रायल न घेता दर सांगणं

साईट बघायला जाताना मशीन सोबत न्या. सगळ्यात खराब आणि सगळ्यात बरा असे १० बाय १० फुटांचे दोन तुकडे घड्याळ लावून धुवा. वायपरने पाणी ओढून गाळ गोळा होईपर्यंत घड्याळ चालू राहू द्या. समजा सरासरी सहा मिनिटं लागली. म्हणजे तासाला १,००० चौरस फूट आणि पूर्ण यार्डाला ४० तास.

आता आठ तासांच्या शिफ्टने भागून पाच दिवस लिहू नका. गेटवरची नोंद, सेफ्टी इंडक्शन, वर्क परमिटवरची सही, केबल आणि पाईप पसरणं, जेवण, संध्याकाळची आवराआवर हे वजा केलं की मशीन दिवसाला जेमतेम पाच तास चालतं. काम आठ दिवसांचं झालं. टीम, मशीन, गाडी आणि केमिकल मिळून दिवसाचा खर्च १२,००० रुपये धरला, तर ९६,००० होतात. फुटाला २ रुपये ४० पैसे, आणि यात नफा अजून धरलेलाच नाही. "एरिया मोठा आहे, चाळीस पैसे कमी करा" असं म्हणणारा तुमच्याकडून १६,००० रुपये मागत असतो, म्हणजे एका दिवसाच्या सगळ्या खर्चाहून जास्त.

मोठ्या कामात वाचतात त्या गाडीच्या फेऱ्या आणि रोजची मांडामांड. धुण्याचा वेग तोच राहतो. सूट द्यायचीच असेल तर या बचतीपुरती द्या.

वेग वाढवायला लोक जास्त बारचं, म्हणजे जास्त प्रेशरचं, मशीन शोधतात. सपाट काँक्रीटवर खरा फरक पडतो तो मिनिटाला किती लिटर पाणी येतं याने आणि सरफेस क्लीनरने (जमिनीवर फिरवायचं, आत फिरत्या नोझलचं गोल झाकण). नुसत्या गनने एवढं यार्ड धुतलं तर वाळल्यावर पट्टे दिसतात आणि सगळं पुन्हा फिरवावं लागतं. फोर्कलिफ्टचे टायर मार्क आणि ग्रीस गार पाण्याने हटत नाहीत. त्यासाठी डीग्रीझर (तेल-ग्रीस सोडवणारं केमिकल) मुरायला वेळ हवा, शक्यतो गरम पाण्याचं मशीन हवं, आणि हा आयटम कोटेशनमध्ये वेगळा लिहायला हवा.

पाणी मिळेलच असं धरून चालणं

मिनिटाला १५ लिटरचं मशीन सलग चाललं तर तासाला ९०० लिटर ओढतं. ट्रायलच्या सहा मिनिटांत ट्रिगर चार मिनिटं दाबलेला असेल, तर १०० चौरस फुटांना ६० लिटर लागले. पूर्ण यार्डाला २४,००० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे तीन टँकर. ते कोण देणार हे लिहून घ्या, एप्रिल-मेमध्ये तर नक्कीच. नळाखाली बादली धरून मिनिटाला किती पाणी येतं तेही मोजा. ते १५ लिटरपेक्षा कमी असेल तर मधे टाकी लागेल, नाहीतर पंप हवा ओढून खराब होतो.

धुऊन निघालेलं घाण पाणी कुठे जाणार हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. तेलकट पाणी पावसाळी गटारात सोडणं हा प्रदूषणाचा मामला आहे, आणि कारखाना त्याची जबाबदारी तुमच्यावर ढकलू शकतो. काम सुरू करण्याआधी कारखान्याच्या ईटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटच्या) ऑपरेटरला भेटा, रोज किती पाणी घेता येईल ते विचारा, गटाराची तोंडं वाळूच्या पोत्यांनी बंद करा. ईटीपीची क्षमता कमी असेल तर तुमचा रोजचा वेगही तेवढाच राहणार. दिवस त्यानुसार वाढवा.

सगळीकडे एकच नोझल

पेव्हर ब्लॉकच्या सांध्यातली वाळू जोरदार पाण्याने उडते. ती पुन्हा भरणं दरात धरलंय की नाही, हे स्पष्ट लिहा. कोटा आणि शहाबादी फरशीवर ॲसिड वापरू नका, चमक जाते आणि पुन्हा पॉलिश केल्याशिवाय परत येत नाही. शून्य अंशाचं, म्हणजे पाण्याची एकच सरळ धार मारणारं, लाल नोझल तर हेल्परच्या हातात देऊच नका. या प्रेशरचं पाणी कातडीत घुसतं. वरून बारीक भोक दिसतं आणि आत इजा मोठी असते. मलम लावून घरी न पाठवता त्या माणसाला लगेच हॉस्पिटलमध्ये न्यायला हवं. हे टीममधल्या प्रत्येकाला माहीत असलं पाहिजे.

काम मागे पडतंय, तर

पहिल्याच संध्याकाळी धुतलेला एरिया टेपने मोजा. वरच्या हिशोबाने ५,००० चौरस फूट व्हायला हवेत. कमी भरले तर कारण शोधा. प्रेशर पडलं असेल तर पंप उघडण्याआधी पाण्याचा पुरवठा, इनलेटची जाळी आणि झिजलेलं नोझल तपासा. लांब केबलवर व्होल्टेज पडतंय का तेही बघा. जागा ट्रकने अडवून ठेवली असेल, तर त्याच दिवशी फोटोसह मेल करा. आठव्या दिवशी सांगितलेलं कारण बिल पास करताना कुणी ऐकत नाही.

पैशांच्या अटी तोंडी ठेवणं

दर "जीएसटी १८ टक्के वेगळा" असा लिहा. टीडीएस कापला जाणार आहे, तेवढी रक्कम हातात कमी येईल हे धरून मजुरीची सोय करा. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) नसेल तर करून घ्या. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावेत असा कायदा आहे. नोंदणीचा क्रमांक बिलावर छापा आणि निम्म्या एरियानंतर पहिलं बिल लावायची अट वर्क ऑर्डरमध्येच घालून घ्या.